गाडीची स्क्रीन मधेच काळी पडते, अँड्रॉइड ऑटो तुटतं, रिव्हर्स कॅमेरा येत नाही: आठ महिन्यांत सापडलेली कारणं आणि उपाय

सोमवारी सकाळी गाडी काढायला जायचं, स्टार्ट करायची, रिव्हर्स टाकायचा आणि स्क्रीन काळी. मागे खांब, डावीकडे शेजाऱ्यांची नवी गाडी, आणि कॅमेऱ्याच्या जागी काहीच नाही. मग वॉचमन काका धावत येणार, हाताने खुणा करत "येऊ द्या, येऊ द्या, बस बस बस" करणार, तोपर्यंत वीस-पंचवीस सेकंदांनी स्क्रीनवर कंपनीचा लोगो येणार, नंतर सगळं सुरळीत. मुलुंडहून निघून गांधीनगर जंक्शनला वळेपर्यंत नकाशा व्यवस्थित चालतो आणि जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पवईच्या आसपास अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधला नकाशा-गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, अचानक बंद, परत जोडतं, परत बंद. आठ महिने हे असंच चाललं होतं. चार वेळा सर्व्हिस सेंटरला गाडी दिली, चारही वेळा "सॉफ्टवेअर अपडेट केलंय मॅडम, आता येणार नाही" असं सांगून परत मिळाली, आणि जास्तीत जास्त दहा दिवसांत तेच पुन्हा.

आता गेले तीन महिने त्रास जवळजवळ संपलाय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मॉडेल मुद्दाम सांगत नाही कारण हा त्रास एकाच कंपनीचा नाही, माझ्या ऑफिसमधल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना थोड्याफार फरकाने हेच होतंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट करा जी मी सहा महिने केली नाही. वही करा. मोबाईलमध्ये नोट करा, कशातही करा, पण प्रत्येक वेळी बिघाड झाला की वार, वेळ, गाडी किती तास उभी होती, फोन वायरने होता की वायरलेस, एसी चालू होता का, आणि नेमकं काय बंद पडलं ते लिहा. कारण "स्क्रीन बंद पडते" हे वाक्य सर्व्हिस सेंटरला सांगून काही उपयोग नसतो, त्यात वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. माझ्या गाडीत एकापेक्षा जास्त होते, आणि मी त्यांना एकच समजत होते.

फरक असा ओळखायचा. पूर्ण स्क्रीन काळी पडून लोगोपासून परत सुरू होत असेल तर हेड युनिट (स्क्रीनच्या मागचं मुख्य यंत्र) स्वतःच रीस्टार्ट होतंय, म्हणजे त्याचा वीजपुरवठा किंवा त्याचं सॉफ्टवेअर. गाणी, रेडिओ चालू आहेत पण फक्त अँड्रॉइड ऑटो किंवा आयफोनचं कारप्ले जातंय तर फोन, वायर किंवा वायफाय. आणि स्क्रीन चांगली आहे, रिव्हर्स टाकल्यावर पिवळ्या-लाल रेषापण दिसतात पण मागे चित्र काळं किंवा निळं, तर कॅमेरा किंवा त्याची वायर. हे तिसरं बऱ्याचदा डिकीच्या झाकणातून जाणाऱ्या वायरींमुळे होतं, ती रबरी नळी असते ना बिजागराजवळ, त्यात वायरी रोज वाकून वाकून आतून तुटतात. डिकी अर्धी उघडून ती नळी हलवून बघा, चित्र येतं-जातं झालं तर दोष सापडला. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या काचेच्या आत धुकं धरलं तर मात्र कॅमेराच बदलावा लागतो, वरून पुसून काही होत नाही.

माझं मुख्य दुखणं पहिल्या प्रकारचं होतं. वही बघितल्यावर लक्षात आलं की अकरापैकी नऊ वेळा स्क्रीन सोमवारी सकाळी गेलीये आणि बाकी दोन वेळा मुलाच्या क्लासबाहेर इंजिन बंद करून गाणी लावून बसले होते तेव्हा. मंगळवार ते शुक्रवार सकाळी एकदाही नाही. सॉफ्टवेअरला वार कळत नाही. शुक्रवारी रात्री आठला गाडी लावली की सोमवारी सकाळी आठपर्यंत साठ तास उभी, म्हणजे जे काय होतंय ते उभ्या गाडीत होतंय.

मग लॅमिंग्टन रोडवरून साधा मल्टिमीटर आणला. महागडा लागत नाही, डीसी व्होल्ट दाखवला की पुरे. बॉनेट उघडून, गाडी लॉक करून, किल्ली लांब ठेवून वीस मिनिटं थांबायचं, कारण दार उघडलं की गाडीतले सगळे मॉड्यूल जागे होतात आणि आकडा खोटा येतो. मग बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावायचा. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ पाव. माझी शुक्रवारी रात्री १२.५ होती आणि सोमवारी सकाळी १२.०. दोन दिवसांत एवढी उतरली!

बॅटरी कोण पीत होतं ते शोधायला वेळ लागला नाही, डॅशकॅम, म्हणजे काचेवर लावलेला रेकॉर्डिंगचा कॅमेरा. पार्किंगमध्ये कोणी ठोकून गेलं तर कळावं म्हणून मी तो अॅक्सेसरीवाल्याकडून थेट फ्यूज बॉक्समध्ये जोडून घेतला होता, पार्किंग मोडवर, चोवीस तास चालू. दिसायला इवलासा कॅमेरा, पण हिशेब करा. साधारण ३ वॅट म्हणजे १२ व्होल्टला पाव अँपिअर. पाव अँपिअर गुणिले साठ तास म्हणजे १५ अँपिअर-अवर. माझी बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. एक तृतीयांश बॅटरी एका शनिवार-रविवारात गेली, आणि ती पण तीन वर्षं जुनी, मुंबईच्या उन्हात शिजलेली. त्या वायरीच्या डबीवर कटऑफ असतो, म्हणजे व्होल्टेज इतकं खाली आलं की कॅमेरा बंद. तो अॅक्सेसरीवाल्याने ११.६ वर ठेवला होता. ११.६ ला बॅटरी जवळजवळ रिकामी असते, तो कटऑफ असून नसल्यासारखा.

आता गाडी तर स्टार्ट होत होती, मग स्क्रीनच का जात होती? हे मला भागातल्या बॅटरीवाल्याने समजावलं, पन्नाशीचा माणूस, टेस्टर लावून कागदाची पट्टीच काढून दिली. "ताई, स्टार्टर फिरताना बघा, ९.१ पर्यंत पडतंय. मोटरला चालतं, तुमच्या टीव्हीला नाही चालत." चांगल्या बॅटरीत सेल मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जायला नको. हेड युनिट म्हणजे एक कॉम्प्युटर आहे, नेमका तो जागा होत असताना सेल लागतो, व्होल्टेज कोसळतं, तो मधेच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि त्याच क्षणी मी रिव्हर्स टाकलेला असतो. क्लासबाहेर इंजिन बंद ठेवून गाणी ऐकतानाही तेच, बॅटरी उतरली की स्क्रीन स्वतःला वाचवायला बंद होते.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हे आपल्याला लागू नाही समजू नये. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत पण स्क्रीन, लॉक, लाईट हे सगळं एका छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतं आणि ती वेगळी म्हातारी होते.

मी काय केलं ते सांगते. डॅशकॅमचा पार्किंग मोड बंद केला (ज्यांना हवाच आहे त्यांनी कटऑफ १२.४ ला ठेवा, किमान १२.२). बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली होती, ती गरम पाणी आणि खाण्याचा सोडा लावून ब्रशने घासली, टर्मिनल घट्ट केलं. आणि बॅटरी बदलली. एक लक्षात ठेवा, सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणारी गाडी असेल तर तिला वेगळ्या प्रकारची बॅटरी येते, ईएफबी किंवा एजीएम लिहिलेली, तिथे स्वस्तातली साधी बसवू नका, लवकर खराब होते. काही गाड्यांत नवीन बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते, बॅटरीवाल्याला आधीच विचारा.

बॅटरी बदलल्यापासून सोमवारची काळी स्क्रीन एकदाही नाही.

पण इथे दुसरा गोंधळ झाला आणि त्यात माझे तीन आठवडे गेले, म्हणून मुद्दाम लिहितेय. बॅटरी काढली की हेड युनिट तारीख विसरतं. माझ्या गाडीत घड्याळ जीपीएसवरून आपोआप लागायला हवं पण ते सेटिंग बंद होतं, आणि बॅटरी बदलली बेसमेंटमध्ये जिथे जीपीएस येतच नाही. तारीख काही वर्षं मागच्या १ जानेवारीला जाऊन बसली. त्यानंतर अँड्रॉइड ऑटो जोडायलाच तयार नाही, "कम्युनिकेशन एरर". मला वाटलं बॅटरीवाल्याने काहीतरी जाळलं. खरं कारण असं की फोन आणि गाडी एकमेकांची डिजिटल सर्टिफिकेटं तपासतात, त्याला मुदत असते, आणि गाडीची तारीखच चुकीची असेल तर सर्टिफिकेट चालत नाही. तारीख-वेळ बरोबर टाकली, एका मिनिटात जोडलं. सर्व्हिस सेंटरवाले "बॅटरी काढून रीसेट" हा उपाय फार करतात, त्यानंतर तुमचं अँड्रॉइड ऑटो रुसलं तर पहिल्यांदा घड्याळ बघा. खिडकीच्या काचा एका बटणात वर जायच्या बंद झाल्या असतील तर तेपण त्यामुळेच, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बऱ्याच गाड्यांत परत शिकते.

आता पवईला तुटणारं कनेक्शन. वायरने जोडत असाल तर बऱ्याचदा दोष वायरचाच. फोन चार्ज होतोय म्हणजे वायर चांगली, हा समज काढून टाका, चार्जिंगच्या तारा वेगळ्या आणि डेटाच्या वेगळ्या, डेटाच्या बऱ्याचदा आधी मरतात. एक मीटरच्या आतली चांगली वायर घ्या, मधे एक्स्टेन्शन किंवा हब नको. गाडीत दोन पोर्ट असतील तर बऱ्याचदा एकच डेटाचा असतो, त्यावर बहुतेकदा फोनचं किंवा तसं चिन्ह असतं. आणि फोनचा पोर्ट उजेडात धरून आत बघा. माझ्या फोनमधून लाकडी टूथपिकने खिशातल्या कापसाची मुगाच्या दाण्याएवढी गोळी निघाली, चपटी, करडी, दाबून दाबून पोर्टच्या तळाशी बसलेली. तिच्यामुळे वायर अर्धा मिलिमीटर बाहेर राहत होती आणि जेव्हीएलआरवर मेट्रोच्या कामामुळे जो रस्ता झालाय त्यावर प्रत्येक खड्ड्याला कनेक्शन हलत होतं. पवईचा दोष नव्हताच, तिथल्या खड्ड्यांचा होता. फोन बंद करून मगच टूथपिक घाला, पिन किंवा सुई अजिबात नको.

वायरलेस वापरणाऱ्यांसाठी. जोडणी आधी ब्लूटूथवर होते आणि मग सगळा डेटा गाडीच्या वायफायवर जातो, त्यामुळे ब्लूटूथ चालू दिसतंय म्हणजे सगळं ठीक असं नाही. तीन गोष्टी तपासा. ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं अॅप) आपोआप चालू होत असेल तर तो बंद करून बघा, माझ्या एका सहकाऱ्याचा सहा महिन्यांचा त्रास एवढ्यानेच गेला. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये अँड्रॉइड ऑटोला आणि नकाशाच्या अॅपला "अनरिस्ट्रिक्टेड" करा, बॅटरी सेव्हर काढा. आणि गाडीत दोन फोन जोडलेले असतील, नवऱ्याचा आणि तुमचा, तर गाडी कधी याला पकडते कधी त्याला, एकाला प्राधान्य द्या किंवा दुसऱ्याचे फक्त कॉल ठेवा.

मे महिन्यात वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर फोन ठेवून नकाशा लावला की फोन इतका तापतो की हात लावून बघा, मग तो स्वतःच हळू होतो, चार्जिंग थांबवतो, अँड्रॉइड ऑटो अडखळतं. पॅडवरून काढून एसीच्या हवेजवळ ठेवा. हे मला फार उशिरा सुचलं.

सगळं करूनही जमत नसेल तर जोडणी मुळापासून नवीन करा. फोनमधून गाडी काढून टाका, गाडीतून फोन काढून टाका (दोन्हीकडून, एकाच बाजूने काढलं तर अर्धवट राहतं), अँड्रॉइड ऑटोचा कॅश (फोनने साठवलेला तात्पुरता डेटा) साफ करा, दोन्ही रीस्टार्ट, मग पुन्हा जोडा. हेड युनिट रीस्टार्ट करायला बहुतेक गाड्यांत पॉवर किंवा आवाजाचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं असतं, काहींत पिन घालायचं छोटं भोक असतं, गाडीच्या पुस्तकात असतं. फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय, त्यात सगळं पुसलं जातं.

अपडेट पेनड्राइव्हवरून करणार असाल तर ड्राइव्ह बहुतेक गाड्यांसाठी एफएटी-३२ या प्रकारात फॉरमॅट करावा लागतो, फाईल तुमच्याच मॉडेलची आणि वर्षाची घ्या, आणि अर्धा-पाऊण तास लागू शकतो तोपर्यंत वीज तुटता कामा नये. त्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागतं, म्हणून हे काम उघड्या जागी करा, बंद बेसमेंटमध्ये कधीच नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

एसीचं तापमान आपोआप बदलतंय, गाणी आपोआप पुढे जातायत असं असेल तर स्क्रीनवर लावलेली टेम्पर्ड ग्लास काढून बघा, कडेला दाबली गेली की स्क्रीनला वाटतं कोणीतरी बोट लावलंय. एफएमला खरखर येत असेल तर डॅशकॅमचा चार्जर काढून बघा.

आता मूळ तक्रार, जी मला खरंच मनापासून करायचीये. बाबांच्या जुन्या गाडीत टेप बिघडला तेव्हा आम्ही कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो, दुकानदाराने जुना ओढून काढला, नवीन बसवला, दुपारी घरी. कारण त्या खाचेचं माप जगभर एकच होतं, डबल-डिन, १८० बाय १०० मिलिमीटर. आत्ताच्या स्क्रीनमध्ये कॅमेरा, एसी, गाडीची सेटिंग सगळं गुंफलेलं आहे, ती काढून दुसरी सहज बसवता येत नाही, आणि वायरी कापल्या तर वॉरंटी जाऊ शकते.

गेल्या जुलैत, बॅटरीचं कारण सापडायच्या आधी, पवई तलावाजवळ मुसळधार पाऊस, आतून काच पूर्ण धुरकट झाली, आणि नेमकी तेव्हा स्क्रीन लोगोवर जाऊन अडकली. माझ्या गाडीत हवा काचेकडे वळवायचं बटण स्क्रीनच्या आत आहे. समोर बसचे लाल दिवे फक्त दोन डाग दिसत होते. खिडक्या उघडल्या, भिजत, इंडिकेटर देऊन डावीकडे घेतली आणि ओढणीने काच पुसली. मुलगा मागे होता. ते पंचवीस सेकंद मी विसरू शकत नाही.

यावर परदेशात बोललं जातंय. २०२२ मध्ये स्वीडनच्या 'व्ही बिलेगारे' या मासिकाने ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने एसी, रेडिओ वगैरे चार कामं करायला लावली. २००५ च्या बटणांच्या व्होल्वोला १० सेकंद लागले, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली, आणि सगळ्यात हळू असलेल्या स्क्रीनच्या गाडीला सुमारे ४५ सेकंद. २०२१ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण स्क्रीनच्या कॉम्प्युटरमधली ८ जीबीची मेमरी चिप लिहून लिहून झिजत होती, आणि ती गेली की रिव्हर्स कॅमेरा आणि काचेचा डीफॉग दोन्ही जायचे. २०२६ पासून युरो एनकॅप ही गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणारी युरोपातली संस्था इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हॅझर्ड दिवे अशा गोष्टींना खरीखुरी बटणं नसतील तर गुण कापतंय. नवीन गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्ये सनरूफ बघायच्या आधी स्क्रीन बंद करायला सांगा आणि बघा, काचेवरची वाफ काढता येते का, आवाज कमी करता येतो का.

सर्व्हिस सेंटरबद्दल शेवटचं. जॉब कार्डवर ते "इन्फोटेनमेंट चेक" एवढंच लिहितात, ते चालवून घेऊ नका. आपल्या शब्दांत लिहायला लावा: "साठ तास उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला स्क्रीन २५ सेकंद काळी, रिव्हर्स कॅमेरा येत नाही, व्हिडिओ दाखवला." बॅटरीचं व्होल्टेज पण लिहून मागा, सेल मारतानाचं. प्रत्येक कार्डाचा फोटो ठेवा. स्क्रीनची वॉरंटी काही वेळा बाकी गाडीपेक्षा कमी मुदतीची असते, पुस्तिका उघडून तारीख बघा आणि ती संपायच्या आत लेखी तक्रार जाऊ द्या. तीन-चार वेळा तेच होऊनही दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, तिथे ही कार्डंच लागतात. माझी पहिली तीन कार्डं माझ्याकडे नाहीत, आणि चौथ्यावर फक्त "अपडेट डन" आहे.